भोकाला भोक

मेर्सिनची लिंबं ट्रकने येतात
आणि आमच्या ओर्ताहिसारात डोंगराच्या पोटात उतरतात.
मऊ दगडाची गुहा. छताला एकच धुराडं,
त्यातून आभाळ दिसतं, बशीएवढं.

पूर्वी पेट्या होत्या पॉपलरच्या फळ्यांच्या,
वेड्यावाकड्या, फटीच फटी,
बोटात कुसळ हमखास.
यंदा उल्वी बेनं खोकी आणली:
गुळगुळीत, वर लिंबाचं चित्र लिंबाहून पिवळं,
आत प्लास्टिकचं अस्तर.
भोकं नव्हती असं नाही. दोन-दोन होती बाजूंना.
पण थप्पी पडू नये म्हणून
आम्ही एक आडवं रचलं, एक उभं,
आणि याचं भोक त्याच्या पुठ्ठ्यावर जाऊन आपटलं.

वारा आळशी. मधल्या गल्लीतून सरळ निघून गेला,
आत कोण आहे, विचारलंसुद्धा नाही.

तोडलेलं लिंबूही श्वास घेतं,
हे मला नाझमियेनं शिकवलं, पहिल्याच हिवाळ्यात.
त्या श्वासाचा घाम अस्तराला आतून चिकटला,
थेंब झाला, ओघळला,
आणि देठापाशी थांबला
जिथं कुणाची तरी कात्री घाईत लागली होती.

मार्चमध्ये झाकण उघडलं.
आधी वास, ओल्या भिंतीचा, जरा गोडसर.
मग पांढरी कड, आत हिरवी भुकटी,
बोट लागायच्या आत उडणारी.
एक मऊ पडलेलं,
दुसरं त्याला टेकलेलं,
तिसरं दुसऱ्याला.
भांडण नाही, आवाज नाही.
"तोंड बांध," नाझमिये म्हणाली,
"आणि श्वास सोडायचा तर तिकडे बघून सोड."

उल्वी बे भिंतीवर खडूनं आकडे मांडत होता.
शंभरात सतरा. पुसून पुन्हा. सतराच.

मी दाभण घेतला.
रात्रभर टोचत सुटलो, अस्तरं ओरबाडली,
चाळणी केली एकेका खोक्याची.
ती बघत होती. काही बोलली नाही.

मेमध्ये माझी थप्पी उघडली.
बुरशी औषधालाही नव्हती.
लिंबं सुकली होती, हातात वजन लागेना,
आणि तळाची तीन खोकी
गुडघ्यांत मोडून बसली होती.

"मग किती पाडायची?"

तिनं एक कोरं खोकं रिकामं केलं, डोळ्याला लावलं,
या बाजूच्या भोकातून त्या बाजूच्या भोकात.
"तुझा डोळा दिसतो," म्हणाली. "अर्धा."
आणि थप्पीतलं पुढचं खोकं
चार बोटं डावीकडे सरकवलं.