कूलरच्या तळाशी

नोंदवहीत मी लिहिते: घर क्रमांक, कूलर एक, टाकं एक,
कुंडीखालच्या बशा तीन.
अळी आहे. अळी नाही.
दाराच्या आतल्या बाजूला गेरूनं तारीख घालते, सही करते
आणि मानेवाड्याच्या पुढच्या गल्लीत शिरते.

मे सरून चार महिने झाले,
तरी लोक कूलर रिकामा करत नाहीत.
"राहू द्या नं बाई, उकडून राह्यलं अजून."
मी टॉर्च मारते. तळाशी गवताचा चिखल,
त्यावर वळवळणारे स्वल्पविराम.
कूलर कलता करून अख्खं वाक्य नालीत ओतते.

पण चार-पाच
खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत
माझ्या डब्याशेजारी उभ्या असतात.
हे नोंदवहीत नाही.

घरी ठाणेदार वाट बघतो.
बर्डीवरून आणला तेव्हा प्लास्टिकच्या ग्लासात होता,
झाकणाला एक भोक.
"एकटाच ठेवजा ताई," दुकानदार म्हणाला,
"दुसरा दिसला का जीव घेते, नाहीतर देते."
खिशात पेन फुटावा तसा निळा पसरलेला.

त्याच्यासाठी नळाचं पाणी
रात्रभर बादलीत उघडं ठेवते, क्लोरीनचा वास जाईपर्यंत.
म्हणजे मी,
दिवसभर लोकांच्या बादल्या पालथ्या घालणारी.
शाळेच्या कुंपणाजवळून बदामाचं वाळलं पान उचलते.
पाणी कोऱ्या चहासारखं होतं, त्याला तेच मानवतं.
डिसेंबरात बरणीशेजारी चाळीसचा बल्ब,
मे महिन्यात बरणीला ओलं गोणपाट.
माझ्या नवऱ्यानंसुद्धा एवढं करवून घेतलं नव्हतं.

आमच्या खात्याचे मासे गप्पी.
विहिरीत सोडा, हौदात सोडा, गुमान खातात,
पोरं काढतात, रजा मागत नाहीत.
ठाणेदार खात्याचा नाही.
हातातला आरसा दाखवला की कल्ले फुगवतो,
स्वतःलाच दम देतो.

आज बाटली रिकामी आली.

निमजेंच्या दारामागे माझीच सही होती,
मागल्या ऑगस्टची, पुसट. अळी नाही.
मागल्या भादव्यात त्यांचा तनुष
नऊ दिवस मेडिकलला होता.
सायकल जिन्याखाली, तिच्यावर चादर.
बाईंनी माझ्या हातातला टॉर्च घेतला, स्वतः धरला.
"नीट पाहा," म्हणाल्या. एवढंच.
मागच्या कोपऱ्यात, पाइपाच्या आड, तीन होत्या.
तेव्हा तिथं पाहिलं होतं का
मला आठवत नाही.
तिन्ही ओतल्या. टाकी फडक्यानं पुसली.
फडकं पिळून पुन्हा पुसली.

रात्री ठाणेदाराला कोरडे दाणे टाकले.
एक तोंडात घेतला, थुंकला.
काचेशी येऊन बघत राहिला,
बाटलीकडे की माझ्याकडे.
मग वर आला, चिमूटभर हवा घेतली
(ह्या माशाला पाण्यातला श्वास पुरत नाही)
आणि पानाखाली गेला.

दिवा घालवला. पडले. उठले.
मोरीतल्या बादलीत टॉर्च मारला,
काठाशी, कडीखाली, तळाला.
मग पुन्हा काठाशी.