नळीतला दोरा

सगळं आयुष्य गोळीबार चौकात गेलं.
रिक्षावाल्याला, पोस्टमनला, सासरच्या पाहुण्यांना
हा पत्ता मी इतक्यांदा सांगितला
की त्यात गोळी आहे
हे त्रेपन्नाव्या वर्षी ध्यानात आलं,
हिंगणा रोडच्या एका पत्र्याच्या हॉलमध्ये,
जिथे रविवारी सकाळी सातला
आम्ही पाच नवशिके जमतो.

तिकिटं तपासण्यात जन्म गेलेले ढबाले काका,
दातांची डॉक्टर फरहीन,
आणि दोन भाऊ, जे एकमेकांशी बोलत नाहीत
पण येतात एकाच स्कूटरवर.
पाचवी मी. का आले, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी रायफल टेबलावर होती
आणि आम्ही भिंतीला चिकटून.
उईके सरांनी विचारलं,
"भरेल आहे का रिकामी?"
रिकामी, काका म्हणाले.
"कोणं पाह्यलं?"
कोणीच नाही.
"मंग भरेलच समजाची.
रिकामी समजणाऱ्याचा पंचनामा
म्या या हातानं लिहेल आहे."
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
कूलर तेवढा टपटपत राहिला.

त्या दिवशी कोणी काही झाडलं नाही.
उचलायची, तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडे,
बोट घोड्यावर नाही, बाजूला सरळ,
ठेवायची, मागे सरायचं.
दीड तास नुसतं ठेवणं शिकलो.

मग त्यांनी दाखवला नळीतून आरपार ओवलेला
नारिंगी दोरा.
दोन्ही टोकं दिसली म्हणजे नळी मोकळी.
मला हसू आलं. मी कोष्ट्याची पोर.
आमच्या घरच्या नळ्या वेगळ्या:
बाबा मागावर, आई रहाटाशी,
आणि जमिनीवर फतकल मारून मी
रेशीम भरतेय, एकेक नळी.
ताण्यातला एक धागा तुटला
की बाबा अख्खा माग थांबवायचे.
गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

"ठिपका धुरकट दिसू द्या," सर म्हणतात,
"नजर हातातल्या साइटवर."
या वयात नेमकं उलटं असतं हो सर,
दूरचं लख्ख आणि जवळचं पुसट.
श्वास अर्धा सोडून थांबले,
बोट दाबतेय हे बोटालाही कळू न देता दाबलं,
आणि माझा पहिला छर्रा
फरहीनच्या कागदाला लागला.
तिनं तो मला घडी करून दिला.
पर्समध्ये आहे.

थांबा म्हणायचा हक्क इथं सगळ्यांना आहे.
सर मोठे म्हणून त्यांनाच, असं नाही.
चौथ्या रविवारी मी ओरडले.
बांधाशेजारचं दार हललं होतं,
किंवा मला तसं वाटलं.
पाचही रायफली खाली, दोरे आत,
हात मोकळे, सगळे मागे.
त्या शांततेत माझे कान तापले.
सर रमत रमत शेवटपर्यंत गेले.
बाहेर मे महिना, काटेरी कुंपण,
आणि एक शेळी, जिला आमचं काही घेणं नव्हतं.
कडी मात्र ढिली होती.
परत येऊन ते मला काहीच बोलले नाहीत,
रजिस्टरमध्ये वेळ लिहिली: आठ वाजून बारा मिनिटं.
पुढच्या रविवारी दाराला नवं कुलूप होतं.

अजून माझे छर्रे कागदभर सांडतात,
पोरानं मुरमुरे सांडावेत तसे.
दहाचा आकडा मी फक्त छापलेला पाह्यला आहे.

पण काल संध्याकाळी चहा ठेवताना
लायटर हातात घेतला,
आणि ह्यांनी विचारलं,
"बोट असं ताठ काऊन धरून राहिली?"
मी आधी त्यांना
गॅससमोरून बाजूला व्हायला सांगितलं.
मग पेटवला.