कॉव्हेंट्रीचा डावखुरा

अन्विता शिकायला कॉव्हेंट्रीला गेली
आणि तिथून तिनं फोटो पाठवला:
एका भिंतीवर त्या शहराची नामांकित माणसं.
कोणी कवी, कोणी फुटबॉलवाला, एक नटी,
एकानं कसलंतरी इंजिन काढलेलं.
खाली तिचा प्रश्न,
'राजेखानचाचा, यातलं कोण ओळखता?'

राजेखान शिकलगारांनी चिंधीला हात पुसले,
फोन लांब धरून एकेक चेहरा पाहिला, सावकाश,
लग्नाच्या अल्बममधले व्याही बघावेत तसा.
'ह्यात न्हाई त्यो.'

उद्यमनगरात, आमच्या शेडमध्ये
एक लेथ आहे त्याच गावची.
हेडस्टॉकवर पितळी पट्टी, तिच्यावर गावाचं नाव,
आणि आत, गिअरबॉक्सचं झाकण काढलं की
तेलाखाली कोरलेली दोन अक्षरं:
एक हातोडीसारखं, एक शिडीसारखं.
इंग्रजी राजेखानना येत नाही.
हातोडी येते. शिडी येते.

खंडेनवमीला झेंडूची एक माळ पट्टीला घालतात,
आणि एक फूल, सुटं, त्या झाकणावर.

'डावखुरा हुता गडी.
बेडवरचे स्क्रेपरचे चंद्र बघ, सगळे उलटे कललेत.
टेलस्टॉककडं जरा इरळ पडलेत.
शनवार आसंल,
न्हाईतर घरात कोणतर आजारी.
पर लेव्हल लाव. लाव की!
साठ वर्सं झाली, बुडबुडा हललाय व्हय?'

मी लावली.
बुडबुडा केसभर हलला होता.
मी काही बोललो नाही,
पण राजेखानना माझं न बोलणं ऐकू येतं.
'फरशी खचलीया,' म्हणाले.

अन्विताला कळवलं: आमचा माणूस भिंतीवर नाही.
तिनं लगेच विचारलं, कोण? नाव काय?
आता हे कसं लिहायचं?
फोनात धुंडाळलं तर दोन्हीची चित्रं सापडली,
एक हातोडी, एक शिडी.
पाठवली.

बराच वेळ ती काहीतरी टाइप करत राहिली,
खोडत राहिली.
मग आलं: 'शेडचे पत्रे बदलताय का?'

राजेखान जॉब चकात धरत होते.
मान वर न करता म्हणाले,
'व्हय म्हण. तिकडं थंडी लई आसंल, कान झाकून फिर म्हणावं,'
आणि बटण दाबलं.