तिसरं गेट

पूल व्हायच्या आधी
तिसरं रेल्वे गेट पडलं की
बाळेकुंद्री बाई स्कूटर बंद करायच्या
आणि मागे वळून म्हणायच्या,
"हं, काढ बघू तुझं ते."

मी मागच्या सीटवर.
जांबोटीच्या शाळेतून दोन बस बदलून आलेली,
पिशवीत निबंधाचा खर्डा,
शिक्षण संशोधक मंडळाच्या सभेत
रविवारी वाचायचा.
दूधवाले, रिक्षा, उद्यमबागेची पाळी सुटलेली माणसं
हॉर्न वाजवत होती,
आणि बाई चष्मा कपाळावर चढवून
तांबड्या पेन्सिलीनं
माझं पहिलं वाक्य वाचत होत्या:
"तिसरीतली धनगरवाड्याची मुले वर्गात अबोल असतात."

खोडलं नाही त्यांनी.
समासात बारीक अक्षरात लिहिलं,
"कोणत्या भाषेत?"

गाडी गेली. गेट उघडलं.
मला पुढची दोन वर्षं लागली
त्या दोन शब्दांना.

आठव्यांदा लिहिला तो निबंध.
सभेत मी व्यासपीठावर, पाय लटपटत,
आणि अध्यक्ष कुठे, तर शेवटच्या रांगेत,
चहाच्या किटलीशेजारी.
धारवाडहून आलेल्या एका मोठ्या सरांनी
प्रश्न बाईंना विचारला, माझ्या डोक्यावरून.
बाई म्हणाल्या, "मला काय ठाऊक की हो?
तिनं बघितलंय. तिला विचारा."
एवढंच. पुन्हा कप विसळायला लागल्या.

देव्हाऱ्यात बसवायची नाही मला त्यांना.
एकदा अहवालात माझं नाव गाळलं होतं,
विचारलं तर, "राहिलं बे," म्हणून मोकळ्या झाल्या.
रागावल्या की कानडीत जायच्या,
आणि मला कळतं हे विसरायच्या.
किंवा विसरत नसतीलही.

मंडळाच्या पाटीवर वर कोणती भाषा, खाली कोणती,
यावर अडीच तास भांडलो आम्ही एका बैठकीत,
खुर्च्या सरकल्या, एक जण राजीनामा लिहायला बसला,
त्याला पेन बाईंनीच दिलं.
मग म्हणाल्या, "पाटी नकोच.
ज्याला यायचं, तो विचारत येईल की.
विचारायचं तर सगळ्यांना येतंय."
मंडळाला अजून पाटी नाही.
नवे लोक चुकतात, खालच्या शिंप्याला विचारतात,
तो वर बोट दाखवतो.

तिसऱ्यांदा अध्यक्ष व्हा, म्हणून हात वर झाले
तेव्हा बाईंनी कार्यवृत्ताची वही उचलली,
माझ्या मांडीवर ठेवली
आणि घाईघाईनं बाहेर गेल्या,
स्कूटरला स्टँड नीट लागलं नाही म्हणत.
परत आल्याच नाहीत त्या दिवशी.
वहीत मागच्या पानावर हिशेब होता:
कुणाचं पुस्तक कुणाकडे,
कुणाच्या बाळंतपणामुळे कुणाचं प्रकरण थांबलंय,
कुणाला फोन करायचा, आणि "ओरडायचं नाही".
त्यात माझंही नाव, खाडाखोड केलेलं,
पुढे लिहिलेलं, "आता हिला सोडायचं."

आता पूल आहे.
कुणी थांबत नाही तिसऱ्या गेटपाशी,
वरून भुर्रकन जातात सगळे.

हुक्केरीचा विरूपाक्ष येतो माझ्याकडे,
संकेश्वरच्या मिरची बाजारात
पोत्यांवर बसून मुलं करतात त्या गणितावर लिहितोय.
परवा त्याला मागे बसवून निघाले
आणि पुलावर चढायच्या ऐवजी
खालच्या रस्त्याला वळले.
"इकडून लांब पडतंय, मॅडम," म्हणाला.
मी गाडी बंद केली.
"हं, काढ बघू."

पहिलंच वाक्य: "मुलांना भागाकार येत नाही."
हात पेन्सिलीकडे गेला,
टोक टेकलंसुद्धा कागदाला,
इतक्यात मालगाडी आली, धडधडत,
बोलणं शक्यच नव्हतं.
विरूपाक्ष डबे मोजायला लागला,
ओठांतल्या ओठांत, कानडीत.
मी त्याला मोजू दिले.