सदतीस अंश

मशीन खोटं बोलत नाही, असं मीच सांगायचो
मिरकरवाड्याच्या माणसांना,
नळी हलवता हलवता.

जैबुन्निसा होडेकरचा रिपोर्ट
तीनदा तोच आला.
हिमोग्लोबिन सात. पेशी मोजक्या, पण अवाढव्य,
आणि एकेकीत इतका रंग
की मावायलाच नको.
मशीनने आकड्यापुढे तारा काढला होता.
ताऱ्याकडे कोण बघतं.
मोठ्या पेशी म्हणजे बी-ट्वेल्व्ह, डॉक्टर म्हणाले,
आणि तिने दिवाळीपासून शिमग्यापर्यंत
दंडावर सुया घेतल्या.

तिचं काम बर्फाचं.
पहाटे जेटीवर लादी फोडायची,
कोळंबीवर हातानेच पसरायची.
बोटं जांभळी, कानांच्या पाळ्या जांभळ्या,
लघवी आगळासारखी.
"माजा रगत थिजला काय?"
तिने विचारलं, आणि मी हसलो.
हे लिहून ठेवतो.

चौथ्या वेळी काचपट्टीवर थेंब ओढला
तर रव्यासारखा दाणेदार.
तेवढ्यात लाइट गेली. एसी बंद.
नळी खिडकीत राहिली, मी जेवून आलो,
पुन्हा ओढला,
एकही दाणा नाही.

मग तीच नळी काखेत धरली अर्धा तास,
लाइट आल्या आल्या मशीनला लावली.
पेशी दुपटीहून जास्त, आकाराने नेहमीच्या.
सात तेवढे सातच.

नमुना कोल्हापूरला गेला,
थर्माकोलच्या डब्यात, बर्फ घालून,
नियमाप्रमाणे.
उत्तर आलं: काही आढळलं नाही.
आढळेल कसं?
थंडीत तो पेशींनाच बिलगून बसतो,
आणि हे शोधत होते वरच्या पाण्यात.

दुसऱ्यांदा घरचा चहाचा थर्मास घेतला.
कोपर बुडवून पाणी पाहिलं,
तान्ह्याच्या आंघोळीला बघतात तसं,
मग थर्मामीटर: सदतीस.
एसटीत आंबा घाटभर मांडीवर.
शेजारचा म्हणाला, "घोटभर आम्हालाही द्या की."

यावेळी सापडला.
तिचंच शरीर तिच्याच रक्तावर उठलेलं,
गारठा मिळाला की.

डॉक्टरांनी लिहून दिलं, थंडीपासून लांब राहा.
तिने कागद माझ्याकडून वाचून घेतला.
"मग बर्फ कोण फोडणार, तू?"

हल्ली तारा दिसला की मी आधी विचारतो,
काम काय करता.

मे महिना. जेटीवर घामाच्या धारा.
ती लोकरीच्या हातमोज्यांवर रबरी चढवते,
कान मफलरने बांधते.
पोरं हसतात.
लादीवर घाव पडतो.