अकरा पाटे

गाडी विलायतेहून आली तेव्हा तिच्या पोटाखाली
मागच्या दोन्ही अंगांना अकरा-अकरा पाटे होते.
सात माणसं, दोन पेट्या, ताडपत्री, बंदुका,
एवढं ओझं धरून तिकडे कुणीतरी हिशेब केलेला.
त्या हिशेबात उमाबाईसाहेब नव्हत्या.

मिरजेच्या दवाखान्यातून, पाठीचं ऑपरेशन झालेल्या,
त्यांना तासगावला न्यायचं होतं.
वजन एक मण, फार तर चार शेर वर.

माझे वडील तेव्हा गाडीवर क्लीनर. वय बारा.
ते सांगायचे: दस्तगीर शिकलगार मिस्त्रीनं
मागच्या गादीवर पाण्याचा गडवा ठेवला, काठोकाठ,
आणि गाडी बुधगावपर्यंत नेऊन आणली.
गडवा अर्धा. मखमल ओली.
आत घोड्याचे केस भरलेले, बसणाऱ्याला ढगात बसल्यासारखं,
आणि दर खड्ड्याला
ढगाच्या तळाशी लोखंड.

"गादीचा काय दोष?" मिस्त्री म्हणाला.
"पाटा वाकायला वजन मागतो. वजनच नाही
तर वाकणार कशाला? नुसता उडतो.
चुलतभावाच्या दुकानात तंबोऱ्याची तार जास्त आवळली
की कशी चिरकते? तसंच हे.
गाडी चिरकतेय. हिला खर्जात आणायची."

आधी हळदीची चार पोती टाकून पाहिली.
गाडी गाभण म्हशीसारखी सावकाश चालली,
दोन बोटंच पाणी सांडलं.
पण दुखणेकऱ्याच्या पायाशी पोती, हे दिवाणजींना पटेना.

मग जॅक लावला. यू-बोल्ट सोडले, मधला बोल्ट काढला,
दर बाजूचे तीन पाटे बाहेर.
राहिलेल्यांच्या मधे मिस्त्रीनं बोटानं ग्रीस फिरवलं,
भाकरीवर लोणी फिरवावं तसं, कडेपर्यंत.

कवलापूरच्या पुढे, जिथं बैलगाड्यांनी
रस्ता सोलून काढलेला,
मागून काहीच आवाज येईना. वडिलांनी भीत भीत वळून पाहिलं.
बाईसाहेब झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं.
एवढ्या मोठ्या घरचं माणूस असं झोपतं,
वडील म्हणायचे, हे मला माहीतच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मालक पाच दोस्त घेऊन शिकारीला निघाले
आणि पहिल्याच ओढ्यात
एक्सल खालून चासीवर आदळला.
कुणाची तरी जीभ चावली गेली.
"बोलवा त्या मिस्त्रीला."

मिस्त्रीनं पाटे परत बसवले. दर बाजूला दोन.
तिसरा कुठाय?
हरवला, सरकार.
दोन्ही बाजूंचा?
दोन्ही बाजूंचा.

दहा पाट्यांवर गाडी पुढं तेरा वर्षं चालली.
शिकारीला जराशी खाली बसायची,
बाईसाहेब एकट्या असल्या की जराशी उडायची.
दोघांनीही तक्रार केली नाही, की केली आणि
वडिलांच्या कानावर आली नाही, कोण जाणे.

हरवलेल्यातला एक आमच्या घरी आला.
लोहारानं ठोकून त्याचा कोयता केला.
दुसऱ्याचं काय झालं, वडिलांनी कधी विचारलं नाही.

ऊस तोडायला तो मी अजून घेतो.
मूठ दोनदा बदलली, पातं तेच.
सोबतचे म्हणतात, तुझं मनगट कसं दुखत नाही?
पोलाद चांगलं आहे, मी सांगतो.
एवढंच सांगतो. फडात
गोष्टी सांगायला वेळ कुणाला असतो.