रंगाचा तिसरा हात

तो क्रूस मीच उतरवला.
मतदान झालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.
न्यूफाउंडलंडच्या टोकाला, चारशे माणसांचं आमचं बंदर,
पाचवीचा वर्ग, शिडी, पक्कड.
एक खिळा मुकाट सुटला.
दुसरा गंजलेला,
येताना भिंतीचा टवका घेऊन आला.

खाली शिडी धरून सिस्टर परपेच्युआ.
पंचाहत्तरीच्या, हात थरथरणारे.
"सांभाळून," म्हणाल्या.
मला, की त्याला?

भिंतीवर त्याची फिकट जागा राहिली.
चाळीस वर्षांची धूळ, खडू, ओल्या लोकरी मोज्यांची वाफ
सगळ्या भिंतीवर बसली होती,
तेवढी जागा त्याने राखली होती.
नव्या मुख्याध्यापकांनी पिस्ता रंगाचा डबा दिला.
पहिला हात मारला. दिसतोय.
दुसरा हात. उन्हं कलली की दिसतोय.

मी कॅथलिक.
आमच्याकडे हे आडनावाच्याही आधी कळायचं.
पुलाच्या अलीकडे आमची शाळा,
पलीकडे पेंटेकोस्टांची, टेकडीवर अँग्लिकनांची.
मूठभर गाव, तीन घंटा,
आणि तिन्ही वेगवेगळ्या मिनिटाला वाजायच्या.
हेवर्ड पेली पलीकडचा.
बर्फाच्या गोळ्यात गारगोटी घालून मारली होती त्याने,
डाव्या भुवईवर खूण आहे अजून.
पुढे वीस वर्षं आम्ही एकाच होडीत कॉड ओढला.
एकदा मासळीचा हिशेब करताना
तो पुटपुटला, सात आठे छप्पन्न.
तिशीत कळलं मला,
त्यांच्यातही छप्पन्नच होतात.

मतदानाआधीच्या रविवारी फादर डॉयल मिस्सात म्हणाले,
देवाला शाळेबाहेर काढायला निघालेत.
हेवर्ड सांगत होता, त्यांचा पाद्रीही तेच म्हणाला,
शब्दाला शब्द.
जन्मात पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं,
आणि तेही आम्हाला एकत्र बसू न देण्यावर.

मी मत कुठे टाकलं
ते फिलोमिनाला आजही सांगितलेलं नाही.
तीही विचारत नाही.
त्या रात्री मात्र माझा चहा
तिने नुसता ठेवला, हातात दिला नाही.

सप्टेंबरात एकच बस आली.
आता सकाळी भोंग्यातून दुधाचे पैसे, बसची वेळ,
हरवलेल्या हातमोज्याचा रंग.
पूर्वी तिथे शंभर पोरांचं आमेन असायचं,
अर्ध्यांची झोप उडालेली नसायची तरी.
खोटं कशाला बोलू,
त्या मिनिटाला माझा झाडू अजून थांबतो.

नोव्हेंबरात साडेतीनलाच उन्हं कलतात.
हेवर्डची नात ट्रायफिना
आजोबांची वाट बघत वर्गात बसली होती.
"तिथे काय होतं?"
"क्रूस."
"आमच्यासारखा?"
तिने मान तिरकी करून बघितलं.
"तुमच्यावर तर माणूस असतो ना?
आमचा रिकामा असतो.
तुमच्या माणसाला खाली कधी उतरवलं?"

मी म्हणालो, "ऑगस्टमध्ये."

ती हसली नाही.
"बरं झालं," म्हणाली, "दुखत असेल."
आणि खाली हेवर्डच्या गाडीचा भोंगा वाजला.

तो आता बॉयलरच्या खोलीत आहे,
फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळलेला, फ्यूजच्या कपाटात.
पहाटे पाचला मी दार लोटून घेतो.
भट्टी पेटेपर्यंत जे काही बोलायचं ते बोलतो.
त्याला कुणाची मनाई नाही,
कुणाची घंटाही नाही.
कधी बोलायला काही नसतं. तेव्हा आम्ही दोघं
नुसती पाइपांची खडखड ऐकतो.

तिसरा हात राहिलाय.
डबा जिन्याखाली आहे, वर साय धरलेली.
मुख्याध्यापक भेटले की विचारतात.
मी म्हणतो, ओल आहे हो त्या भिंतीला,
रंग धरत नाही.